संगणकातला प्रयोग आणि त्याचा ताळा

द्रव पदार्थाचे गणित हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भौतिकशास्त्राचे एक जुनाट दुखणे होते. वायूतील रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की प्रत्येकाचा विचार जवळजवळ सुटा करता येतो, आणि स्फटिकातील अणू आपापल्या ठरलेल्या जागी राहून केवळ कंप पावत असल्यामुळे त्यांच्या नियमित रचनेचा आधार घेऊन समीकरणे सोडवता येतात. द्रवात मात्र रेणू दाटीवाटीने असूनही कोणतीच रचना टिकून राहत नाही, प्रत्येक रेणू एकाच वेळी अनेक शेजाऱ्यांच्या ओढीत आणि रेट्यात सापडलेला असतो, आणि कागदावरची कोणतीही युक्ती तिथे पुरी पडत नाही. या कोंडीतून वाट निघाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक संगणकामुळे. रेणूंमधील परस्परक्रियेचे नियम संगणकाला सांगायचे, काही शे रेणूंचा समूह त्याच्या स्मृतीत मांडायचा आणि त्या नियमांनुसार त्या समूहाचे पुढे काय होते ते मोजायचे, या पद्धतीला सिम्युलेशन, अर्थात संगणकीय प्रतिरूपण, म्हणतात. आज पावसाच्या अंदाजापासून औषधांच्या संशोधनापर्यंत तिचा वापर होतो; तरी तिची जडणघडण झाली ती प्रामुख्याने द्रव, स्फटिक आणि न्यूट्रॉन यांच्या अभ्यासात, आणि तिचे गुणदोषही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतात.

सिम्युलेशनला सिद्धांत आणि प्रयोग यांच्यामधली जागा मिळाली आहे, आणि ती का मिळाली हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतील खऱ्या पाण्याच्या रेणूंमधील बल नेमके किती, हे कोणालाही पूर्णपणे ठाऊक नसते. संगणकातील रेणूंचे बल मात्र संशोधकानेच लिहून दिलेले असल्यामुळे ते तंतोतंत ठाऊक असते. म्हणून एखाद्या सिद्धांताचे उत्तर त्याच बलावर आधारलेल्या सिम्युलेशनशी जुळले नाही, तर चूक सिद्धांतातील ढोबळ गृहीतकांची असते, आणि सिम्युलेशनचे उत्तर प्रयोगाशी जुळले नाही, तर चूक बलाच्या प्रतिमानाची, म्हणजे मॉडेलची, असते. दोष कोणत्या घरचा हे अशा रीतीने वेगळे काढता येणे, ही या पद्धतीची फार मोठी देणगी आहे. परंतु ही सारी मांडणी एका अटीवर उभी आहे: संगणकाला सांगितलेली आकडेमोड त्याने खरोखरच सांगितल्याप्रमाणे केलेली असली पाहिजे. ती अट पाळली गेली आहे की नाही याचा ताळा घेणे हा सिम्युलेशनचा आत्मा आहे, आणि या क्षेत्राचा इतिहास पाहू गेल्यास त्यातील सर्वांत मोलाची पाने या ताळ्यानेच लिहिलेली आहेत.

सिम्युलेशनच्या दोन मुख्य शाखांपैकी पहिली म्हणजे 'मॉन्टे कार्लो' पद्धत. पोलिश-अमेरिकन गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम १९४६ मध्ये आजारातून बरे होत असताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत असत, आणि असा डाव सुटण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांना पडला. बावन्न पत्ते पिसण्याच्या शक्यतांची संख्या ६८ अंकी असल्यामुळे सगळ्या शक्यता मोजून उत्तर काढणे अशक्य होते; त्यापेक्षा डाव शंभर वेळा मांडून त्यांतले किती सुटले ते मोजले, तर उत्तराचा अदमास सहज बांधता येईल, हे उलाम यांच्या लक्षात आले. हाच विचार अणुस्फोटकातील न्यूट्रॉनांना लागू करता येईल हे त्यांनी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना सांगितले, फॉन नॉयमन यांनी मार्च १९४७ मध्ये रॉबर्ट रिख्टमायर यांना लिहिलेल्या पत्रात त्याचा तपशीलवार आराखडा मांडला, आणि मोनॅकोतील प्रसिद्ध जुगारघरावरून या पद्धतीला मॉन्टे कार्लो हे नाव निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवले.

पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणात पाहता येते. एका चौरसात, त्याच्या एका कोपऱ्याला केंद्र मानून, चौरसाच्या बाजूएवढ्या त्रिज्येचा पाव वर्तुळाचा तुकडा काढावा आणि चौरसात कुठेही, कोणताही पक्षपात न करता, बिंदू टाकत जावे. पाव वर्तुळात पडलेल्या बिंदूंचे एकूण बिंदूंशी असलेले प्रमाण चारने गुणले की पाय या स्थिरांकाची अंदाजे किंमत मिळते. दहा हजार बिंदू टाकले तर या उत्तरात साधारण ०.०१६ इतकी चूक अपेक्षित असते, आणि ती दहापटीने कमी करायची असेल तर बिंदूंची संख्या दहापटीने नव्हे, शंभरपटीने वाढवून दहा लाखांवर न्यावी लागते. पायची किंमत काढण्याच्या इतर पद्धतींपुढे ही पद्धत अगदीच मंद आहे, हे खरे. परंतु जिथे एका वेळी शेकडो चलराशी गुंतलेल्या असतात तिथे इतर पद्धती पार कोलमडतात, आणि मॉन्टे कार्लोची चूक मात्र चलराशी कितीही असल्या तरी याच चालीने कमी होत जाते. शिवाय ही चूक किती असेल हे उत्तराबरोबरच सांगता येते. चूक किती असेल याचा अंदाज सोबत न जोडलेले मॉन्टे कार्लोचे उत्तर अर्धवटच मानले पाहिजे.

न्यूट्रॉनांच्या बाबतीत हीच कल्पना अशी वापरली गेली की, एकेक न्यूट्रॉन घेऊन तो किती अंतर जाईल, कशावर आदळेल, आदळल्यावर दिशा बदलेल, शोषला जाईल की केंद्रकाचे विखंडन करून नवे न्यूट्रॉन बाहेर काढील, याचा निर्णय प्रत्येक टप्प्यावर त्या घटनेच्या ज्ञात संभाव्यतेनुसार एका यादृच्छिक संख्येच्या, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या संख्येच्या, आधारे केला जाई. १९४८ च्या वसंतात एनिअॅक या संगणकावर ही पहिली गणिते झाली, आणि त्यांच्या सूचनावलीचे, आजच्या भाषेत कोडचे, मोठे काम फॉन नॉयमन यांच्या पत्नी क्लारा फॉन नॉयमन यांनी केले.

पुढची झेप १९५३ सालची. द्रवातील रेणूंची मांडणी नुसती कशीही, बिंदू टाकल्यासारखी, करून पाहिली तर बहुतेक मांडण्यांत रेणू एकमेकांवर चढलेले आढळतात. अशा मांडण्यांची ऊर्जा प्रचंड असल्याने त्या निसर्गात संभवतच नाहीत आणि सारे श्रम वाया जातात. यावर अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील पाच जणांनी काढलेला उपाय आजही रोज असंख्य संगणकांवर चालतो. एक रेणू निवडून त्याला थोडेसे हलवावे आणि ऊर्जेत किती फरक पडतो ते पाहावे. ऊर्जा कमी झाली तर नवी जागा स्वीकारावी. ऊर्जा वाढली तर लगेच नाकारू नये, तर ती वाढ आणि तापमान यांवरून ठरणाऱ्या संभाव्यतेनुसार, यादृच्छिक संख्येचा कौल घेऊन, कधी स्वीकारावी आणि कधी नाकारावी. आणि येथे एक बारीक मेख आहे, जी नवशिक्यांच्या हातून हमखास निसटते: नवी जागा नाकारली गेली, तर जुनीच मांडणी सरासरीत पुन्हा एकदा मोजली गेली पाहिजे. तसे न केल्यास कोड विनातक्रार चालते, आकडे दिसायला सुसंगत दिसतात, आणि उत्तर चुकते.

त्या पाच जणांनी मॅनिअॅक या संगणकावर २२४ कठीण चकत्यांचा समूह घेऊन हे गणित केले. साऱ्या चकत्या एकदा हलवून होण्यास सुमारे तीन मिनिटे लागत, आणि आलेखावरचा एकेक बिंदू मिळवण्यास चार ते पाच तास. निबंधावर निकोलस मेट्रोपोलिस, मार्शल आणि एरियाना रोझेनब्लूथ, तसेच एडवर्ड आणि ऑगस्टा टेलर अशी पाच नावे आहेत. वर्णानुक्रमात मेट्रोपोलिस पहिले आले म्हणून ही रीत त्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु मार्शल रोझेनब्लूथ यांनी अनेक वर्षांनी सांगितल्याप्रमाणे हे काम मुख्यतः त्यांनी आणि एरियाना यांनी केले होते, आणि संगणकासाठीचे कोड एरियाना यांनी लिहिले होते. याच लॉस अलामॉसमध्ये एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांच्या साखळीवर केलेला संगणकीय प्रयोग १९५५ च्या अहवालात प्रसिद्ध झाला. साखळीत सोडलेली ऊर्जा सर्वत्र समान वाटली जाईल ही अपेक्षा खोटी ठरून ती जवळजवळ सारी मूळ कंपनात परत आलेली दिसली, आणि त्या एका निरीक्षणातून अरेखीय भौतिकशास्त्राचे नवे दालन उघडले. त्या प्रयोगाचे कोड मेरी त्सिंगू यांनी लिहिले होते, आणि त्यांचे नाव अहवालाच्या लेखकांत नव्हे, आभाराच्या टिपेत होते. सूचनावली लिहिणे म्हणजे हमाली, आणि समीकरण मांडणे म्हणजे विज्ञान, ही समजूत त्या काळी रूढ होती. ती अन्यायकारक तर होतीच, शिवाय घातकही होती, कारण सिम्युलेशनमध्ये विज्ञान चुकते ते पुष्कळदा कोडच्याच ओळींत.

दुसरी मोठी शाखा म्हणजे रेणुगतिकी. तिच्यात नशिबाचा कौल घ्यावा लागत नाही; प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचे किती बल आहे ते काढायचे, न्यूटनच्या नियमानुसार त्याला अगदी अल्प काळासाठी पुढे सरकवायचे, नव्या जागांवरून पुन्हा बल काढायचे, आणि हे चक्र हजारो, लाखो वेळा फिरवायचे. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी १९५७ मध्ये या रीतीने कठीण गोलांचा अभ्यास केला. हे गोल एकमेकांना मुळीच ओढत नाहीत, केवळ आदळून उसळतात. आकर्षणाशिवाय पदार्थ गोठूच शकत नाही, असे त्या काळी पुष्कळांना वाटे; संगणक मात्र सांगत होता की पुरेशी दाटी झाली की हे गोल आपोआप स्फटिकाच्या ओळीत बसतात. त्या वर्षी न्यू जर्सीत भरलेल्या एका परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज उलेनबेक यांनी उपस्थित शास्त्रज्ञांना हात वर करून मत देण्यास सांगितले, तेव्हा सभा जवळजवळ दुभंगली.

मतदानाने न सुटलेला हा प्रश्न ताळ्याने सुटला. लॉस अलामॉसमध्ये विल्यम वुड आणि जॅक जेकबसन यांनी त्याच कठीण गोलांवर मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे पूर्णतः निराळ्या वाटेने, गणित केले आणि दोन्ही वाटांचे आकडे जुळले. एका पद्धतीतील चूक दुसऱ्या पद्धतीत नेमकी तशीच उतरेल ही शक्यता फार कमी असल्यामुळे असा मेळ हा भक्कम पुरावा ठरतो. पुढे १९६८ मध्ये विल्यम हूवर आणि फ्रान्सिस री यांनी, एकूण जागेपैकी सुमारे ४९ टक्के जागा गोलांनी व्यापली की गोठण्यास आरंभ होतो, इतके नेमके उत्तर काढले. आणि १९८६ मध्ये पीटर प्यूसी आणि विल्यम व्हॅन मेगन यांनी द्रवात तरंगणाऱ्या, मायक्रॉनहूनही लहान अशा प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर प्रयोग करून हे गोठणे प्रत्यक्ष दाखवले. संगणकाने सांगितलेली आणि पुष्कळांना असंभव वाटलेली गोष्ट एकोणतीस वर्षांनी काचेच्या कुपीत दिसली, याहून मोठी पावती या पद्धतीला कोणती मिळावी?

कठीण गोलांवरून खऱ्या द्रवापर्यंत येण्याचे श्रेय अनीसुर रहमान यांचे. रहमान यांचा जन्म १९२७ चा, हैदराबादचा. मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्याची ही राजधानी. केंब्रिजमध्ये शिक्षण आणि बेल्जियममधील लूव्हें येथे डॉक्टरेट झाल्यावर ते १९६० मध्ये अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले, आणि १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची गती संगणकावर चालवून दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. तो एकट्याने लिहिलेला निबंध आजही या शास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. तापमान होते ९४.४ केल्विन, म्हणजे उणे १७९ अंश सेल्सिअसच्या जवळपास. अणू ज्या घनाकृती पेटीत होते तिची बाजू साडेतीन नॅनोमीटरहूनही किंचित कमी. आणि काळाचा एक टप्पा सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग. ८६४ अणूंच्या जोड्या ३,७२,८१६ होतात. दूरच्या जोड्यांमधील बल नगण्य म्हणून वगळले तरी प्रत्येक टप्प्याला उरलेल्या साऱ्या जोड्यांचे बल नव्याने काढावे लागे, आणि हे काम करणारा सीडीसी ३६०० हा संगणक आजच्या साध्या मोबाइलपुढेही अगदीच दुबळा होता.

इतक्या लहान पेटीत एक मोठी अडचण येते. दहा बाय दहा बाय दहा अशा रचलेल्या हजार अणूंपैकी तब्बल ४८८ अणू पृष्ठभागावर येतात, म्हणजे निम्म्या अणूंना भिंतीचा शेजार मिळतो आणि द्रवाच्या अंतर्भागाऐवजी भिंतीचाच अभ्यास होऊ लागतो. त्यावरचा उपाय असा की, पेटीला भिंतच ठेवायची नाही: उजवीकडून बाहेर पडणारा अणू त्याच वेगाने डावीकडून आत येतो, वरून गेलेला खालून येतो, आणि प्रत्येक अणूला आपल्याभोवती सर्व बाजूंनी द्रवच भासतो. या व्यवस्थेला आवर्ती सीमा म्हणतात. रहमान यांनी या पेटीतून जे काढले ते त्याआधी कोणी पाहिले नव्हते. अणू एका दिशेने निघाला की भोवतालच्या शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यावर आपटून क्षणभर मागे फिरतो, हे त्याच्या वेगाच्या आलेखात स्पष्ट उमटले. आणि अणू द्रवात किती वेगाने पसरतात याचा काढलेला आकडा खऱ्या आर्गॉनवरील मोजमापांशी चांगला जुळला. १९७१ मध्ये रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी २१६ रेणूंच्या पाण्यावर हीच रीत चालवली. अमेरिकन फिजिकल सोसायटी १९९३ पासून संगणकीय भौतिकशास्त्रासाठी देत असलेला पुरस्कार अनीसुर रहमान यांच्याच नावाचा आहे. रेणुगतिकीचे जनक म्हणून जगभर मान मिळालेल्या या शास्त्रज्ञाचे नाव भारतातील पदवी अभ्यासक्रमांत क्वचितच कानी पडते, ही खेदाची गोष्ट आहे.

या पद्धतीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की संगणकात दिसणारा अणूचा मार्ग हा खऱ्या अणूचा मार्ग असतो. तसे नसते. सुरुवातीच्या स्थितीत दशांश चिन्हानंतरच्या पंधराव्या स्थानी फरक केला, तरी तो फरक टक्करीगणिक वाढत जातो आणि अल्पावधीतच दोन मार्गांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. हवामानाच्या समीकरणांत हेच एडवर्ड लोरेन्झ यांना १९६१ मध्ये आढळले, जेव्हा ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा संगणकाला दिल्यावर काही काळाने सारे हवामानच वेगळे निघाले. विश्वास ठेवायचा तो एकेका मार्गावर नव्हे, तर दाब, तापमान, पसरण्याचा वेग अशा सरासऱ्यांवर, आणि त्या सरासऱ्या पुरेसा काळ घेतल्या आहेत की नाही हे निरनिराळ्या सुरुवाती करून पडताळावे लागते.

'पुरेसा काळ' ही या क्षेत्राची कायमची तहान आहे. जैविक रेणूंमधील हायड्रोजनचे बंध इतक्या जलद कंप पावतात की काळाचा टप्पा एक-दोन फेमटोसेकंदांहून मोठा घेता येत नाही, आणि एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा हजार लाख कोटीवा भाग. प्रथिनांच्या घडामोडी मात्र मिलिसेकंदांत चालतात. मिलिसेकंदभराचे सिम्युलेशन करायचे तर दोन फेमटोसेकंदांचा टप्पा धरूनही पन्नास हजार कोटी टप्पे घ्यावे लागतात. अँड्र्यू मॅकॅमन, ब्रूस जेलिन आणि मार्टिन कारप्लस यांनी १९७७ मध्ये ५८ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनाचे पहिले सिम्युलेशन केले, ते ९ पिकोसेकंदांच्या आसपासचे, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढे होते. त्याच प्रथिनाचे पूर्ण एक मिलिसेकंदाचे सिम्युलेशन २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्च या संस्थेने केवळ रेणुगतिकीसाठी घडवलेल्या 'अँटन' या संगणकावर करून दाखवले. तेहतीस वर्षांत दहा कोटीपट, अशी ही वाटचाल. कारप्लस, मायकेल लेविट आणि अॅरिह वॉर्शेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते जटिल रासायनिक प्रणालींची संगणकीय प्रतिमाने घडवल्याबद्दल.

संगणक मोठा झाला म्हणून उत्तर खरे होते असे नाही, हे सांगणारी उदाहरणेही तितकीच शिकवण देणारी आहेत. मॉन्टे कार्लोचा सारा डोलारा यादृच्छिक संख्यांवर उभा असतो, आणि संगणक अशा संख्या एका सूत्राने तयार करतो. त्या दिसायला क्रमहीन असतात, प्रत्यक्षात पूर्णपणे ठरलेल्या असतात. १९६० च्या दशकात 'रँडू' नावाचे एक सूत्र आयबीएमच्या संगणकांवरून जगभर पोचले. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की या जातीच्या सूत्रांच्या संख्या मुळात प्रतलांवरच पडतात. आणि रँडूच्या सलग तीन-तीन संख्या घेऊन अवकाशात बिंदू मांडले, तर ते सर्वत्र न पसरता अवघ्या पंधरा समांतर प्रतलांवर बसतात. तोवर या सूत्राच्या भरवशावर किती गणिते झाली असतील याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. १९९२ मध्ये अॅलन फेरेनबर्ग, डेव्हिड लांडाऊ आणि जोआना वाँग यांनी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट उघड केली: चुंबकाच्या ज्या प्रतिमानाचे अचूक उत्तर आधीच ठाऊक आहे ते घेऊन त्यांनी तपासले, तेव्हा उत्तम म्हणून नावाजलेली सूत्रेदेखील एका विशिष्ट पद्धतीबरोबर वापरली असता चुकीचे उत्तर देतात, असे निघाले. ठाऊक असलेल्या उत्तरावर पद्धत आधी घासून पाहावी, ही शिस्त तेव्हापासून अधिक काटेकोर झाली.

या संदर्भात सर्वांत मोठा वाद झाला तो अतिशीत पाण्याचा, म्हणजे शून्य अंशाच्या खाली जाऊनही न गोठलेल्या पाण्याचा. बॉस्टन विद्यापीठातील यूजीन स्टॅनली यांच्या गटाने १९९२ मध्ये सिम्युलेशनच्या आधारे असे मांडले की, पुरेशा थंडीत आणि दाबात पाण्याचे दोन वेगवेगळे द्रव होतात, एक दाट आणि एक विरळ. यासाठी वापरलेले पाण्याचे प्रतिमान स्टिलिंजर आणि रहमान यांनी १९७४ मध्ये घडवलेले होते. २०११ मध्ये बर्कली येथील डेव्हिड लिमर आणि डेव्हिड चँडलर यांनी त्याच प्रतिमानावर गणित करून, दुसरा द्रव नाहीच, जो दिसतो तो बर्फ होण्याच्या प्रक्रियेचा आभास आहे, असा निष्कर्ष काढला. तर प्रिन्स्टन येथील पाब्लो डेबेनेडेट्टी, जेरेमी पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा निरनिराळ्या पद्धती वापरून २०१४ मध्ये दोन द्रव असल्याचे पुन्हा दाखवले. एकच प्रतिमान, एकच प्रश्न, दोन्ही बाजूंना नामवंत शास्त्रज्ञ, आणि उत्तरे परस्परविरुद्ध. खऱ्या पाण्याविषयी मतभेद असणे समजू शकते. संगणकातील पाण्याला मात्र एकच उत्तर असले पाहिजे.

गाठ सुटली ती बर्कलीच्या गटाचे कोड प्रिन्स्टनच्या गटाला ओळीन्‌ओळ तपासता आले तेव्हा. त्या पद्धतीत प्रत्येक छोट्या धावेआधी रेणूंना नवे वेग द्यावे लागतात, आणि ते तापमानानुसार ठरणाऱ्या वाटणीतून यादृच्छिकपणे निवडलेले असावे लागतात; कोडमध्ये मात्र ही निवड सदोष रीतीने होत होती, आणि त्यामुळे रेणूंची सारी गती बिघडत होती. हा दोष दुरुस्त केल्यावर त्याच कोडमधून दोन द्रव बाहेर आले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तोवर सात वर्षे आणि अनेक बुद्धिमान माणसांचे श्रम खर्ची पडले होते. चूक होणे हे कमीपणाचे नाही, कारण हजारो ओळींच्या कोडमध्ये ती कोणाच्याही हातून होते. परंतु कोड पहिल्या दिवसापासून खुले असते तर हा वाद काही आठवड्यांत मिटला असता, असे म्हणणे भाग आहे. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या अँडर्स निल्सन यांच्या गटाने क्ष-किरणांच्या अतिअल्प झोतांच्या साहाय्याने खऱ्या पाण्यातील या दोन द्रवांचा प्रायोगिक पुरावा मांडला.

आज रेणुगतिकीची बहुतेक प्रमुख सॉफ्टवेअरे, उदाहरणार्थ नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे सुरू झालेले ग्रोमॅक्स किंवा अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे लॅम्प्स, विनामूल्य आणि उघड्या कोडसह मिळतात. त्यांतील दोष जगभरचे वापरणारे शोधतात आणि दुरुस्त करतात. यामुळे प्रवेश सोपा झाला आहे आणि एक नवा धोकाही आला आहे: आतले काहीच न समजता बटण दाबून रंगीत चलच्चित्र मिळवता येते. कोणता बल-नियम निवडला, काळाचा टप्पा किती, दूरची बले कुठे तोडली, किती स्वतंत्र धावा केल्या, ऊर्जा टिकून राहिली का, हे न सांगता छापलेला सिम्युलेशनचा निष्कर्ष तपासता येत नाही, आणि जो तपासता येत नाही त्याला विज्ञानात किंमत नाही.

महाराष्ट्रात या विद्येचे घर म्हणजे पुणे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या प्रगत संगणन केंद्राने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक येथेच उभा केला. २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' आयसर पुणे येथे आला. आणि पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे हवामानाच्या सिम्युलेशनसाठीचे महासंगणक सुरू झाले. लोरेन्झ यांनी दाखवलेल्या अडचणीवरचा उपाय येथे रोज वापरला जातो. १ जून २०१८ पासून भारतात कार्यान्वित झालेल्या अंदाजप्रणालीत सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकाच हवामानाच्या २१ धावा घेतल्या जाऊ लागल्या, आणि त्यांतल्या किती धावांत पाऊस पडतो यावरून त्याची शक्यता सांगितली जाऊ लागली. 'साठ टक्के शक्यता' असे ऐकल्यावर हवामान खाते हातचे राखून बोलते असे श्रोत्यांना वाटते. वस्तुतः चूक किती असू शकते याचा अदमास उत्तराबरोबर देणे हीच या पद्धतीची प्रामाणिक रीत आहे, आणि शेतीचे नियोजन करणाऱ्याला खोट्या खात्रीपेक्षा ही टक्केवारीच अधिक उपयोगी पडते.

परंतु या विद्येचा आरंभ करण्यास महासंगणक लागत नाही. रहमान यांचे ८६४ अणूंचे आर्गॉन आज साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत चालते, आणि त्यासाठी लागणारे कोड दोन-तीनशे ओळींत लिहिता येते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रयोग लंबक आणि प्रिझमच्या जोडीने प्रात्यक्षिकांत घ्यावा, विद्यार्थ्यांकडून कोड स्वतः लिहून घ्यावे, दोघा विद्यार्थ्यांनी एकमेकांचे कोड तपासून सही करावी, आणि १९६४ च्या निबंधातील आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहिल्याशिवाय वही स्वीकारू नये.